सीमेवरील आकडा : अवटुविकाराच्या निदानपरिभाषेचा इतिहास

१

मराठी बोलीत गेल्या काही दशकांत एक चमत्कारिक वाक्यरचना रूढ झाली आहे. ‘तिला थायरॉईड आहे’ असे आपण सहज म्हणतो, आणि ऐकणाराही सहानुभूतीने मान हलवितो. शब्दशः घेतल्यास हे विधान जवळजवळ प्रत्येक मनुष्यास लागू पडेल. कारण ती ग्रंथी सर्वांच्याच गळ्यात असते. ‘मामांना बीपी आहे’, ‘आजीला शुगर आहे’ ही वाक्ये याच जातीची. अवयवाचे, मोजमापाचे किंवा द्रव्याचे नाव येथे विकाराचे नाव झाले आहे. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या व्यापारास ‘लक्षणा’ म्हटले असते. रोगाच्या चिन्हासही मराठीत ‘लक्षण’च म्हणतात, हा योगायोग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सूचक आहे.

या लेखाचे निमित्त घरगुती आहे. प्रस्तुत लेखकाच्या धाकट्या बहिणीने थकवा वाटतो म्हणून रक्ताची तपासणी करून घेतली. अहवालात अवटु-उद्दीपक संप्रेरकाचा, म्हणजे टीएसएचचा, आकडा ६.४ आला; शेजारी छापलेली मर्यादा ४.५ पर्यंतची होती. मुक्त थायरॉक्सिन मर्यादेच्या आत होते. अवटुग्रंथीविरुद्धचे प्रतिपिंड मात्र मर्यादेच्या अनेक पटींनी अधिक होते. खाली शेरा होता : ‘बॉर्डरलाइन’. एका वैद्यांनी जन्मभर गोळी घ्यावी लागेल असे सांगितले. दुसऱ्यांनी काहीही झालेले नाही, असे सांगून कागद परत दिला. घरी आल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, ‘दादा, मी आजारी आहे की नाही?’

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही, शब्दांचा आहे. तथापि या प्रश्नाचा विचार करू लागल्यावर असे आढळून आले, की तो अंशतः परिभाषेच्या इतिहासाचाही प्रश्न आहे. त्या एका कागदावर निरनिराळ्या काळी घडलेल्या तीन परिभाषा एकत्र आल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याखेरीज कागद नीट वाचता येत नाही. ती वेगळी करण्याचा हा एक प्रयत्न आहे.

२

प्रथम नावांचा विचार करू. इंग्रज शरीरविद टॉमस व्हार्टन याने १६५६ मध्ये ग्रंथींवरील आपल्या ग्रंथात या ग्रंथीस ‘थायरॉइड’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘थिरेओस’ म्हणजे दाराच्या आकाराची लांबट ढाल, व ‘थिरा’ म्हणजे दार. जर्मन भाषेत या ग्रंथीस आजही ‘ढाल-ग्रंथी’ अशाच अर्थाचा शब्द आहे. ग्रीक ‘थिरा’, इंग्रजी ‘डोअर’ आणि संस्कृत ‘द्वार’ हे शब्द एकाच मूळ धातूपासून आले आहेत. मुळातील महाप्राण ध्वनी संस्कृतात अल्पप्राण झाला तो बहुधा ‘द्वि’ या शब्दाच्या प्रभावामुळे, कारण दाराला कवाडे दोन. म्हणजे मराठी माणूस ‘थायरॉईड’ म्हणतो तेव्हा आपल्याच ‘दारा’चा दूरचा भाऊबंद उच्चारीत असतो.

हिंदी व मराठी परिभाषेत या ग्रंथीस ‘अवटु’ हे नाव मिळाले. संस्कृत कोशांत ‘अवटु’ म्हणजे मानेचा मागचा भाग, मानगूट. परिभाषाकारांच्या हातून शब्द मानेच्या मागून पुढे आला. यात दोष काढण्याचे कारण नाही. शब्द असेच सरकत असतात. परंतु नाव आणि वस्तू यांचा संबंध नैसर्गिक नसून ठरविलेला असतो, याचा हा बोलका पुरावा आहे. ही गोष्ट पुढे ‘बॉर्डरलाइन’ या शब्दाबाबतही लक्षात ठेवावी लागेल.

विकाराचे जुने नाव मात्र ग्रंथीवरून नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या आकारावरून पडले. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची व अर्बुद यांच्यासमवेत गलगंडाचे विवेचन आहे. लॅटिनमधील ‘गुत्तुर’, म्हणजे गळा, या शब्दावरून फ्रेंच व इंग्रजीतील ‘गॉइटर’ आला. या सर्व शब्दांच्या मुळाशी रोगाची एकच कल्पना आहे : गळ्यास सूज दिसते, म्हणून रोग आहे. येथे सीमारेषेचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. गळा पाहणारा वैद्य, शेजारी आणि रोगी हे तिघेही एकच गोष्ट पाहत असतात.

आपल्या देशात या दृश्य रोगावर मोठे काम झाले. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात जो प्रयोग केला, त्यात खोऱ्याचे तीन विभाग करून दोहोंत आयोडीनयुक्त मीठ व एकात साधे मीठ पुरविण्यात आले. आयोडीन मिळालेल्या विभागांतील शाळकरी मुलांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गळ्यावर दिसणारा रोग मिठाच्या पुडीने मागे हटविता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे प्रयोगशाळांतून जो रोग पुढे आला, तो मात्र बहुधा गळ्यावर दिसत नाही, कागदावर दिसतो.

३

दृश्य आकाराकडून क्रियेकडे लक्ष वळले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. विल्यम गल याने १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांत हळूहळू येणाऱ्या जडत्वाचे वर्णन केले. विल्यम ऑर्ड याने १८७८ मध्ये त्यास ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील ‘श्लेष्म’ व ‘सूज’ या अर्थांचे दोन शब्द जोडून ते बनले आहे. थिओडोर कोखर या स्विस शल्यविशारदाने संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रोग्यांची झालेली दुरवस्था १८८३ मध्ये प्रामाणिकपणे प्रसिद्ध केली. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने १८८८ च्या अहवालात या सर्व अवस्थांचे मूळ एकच, म्हणजे अवटुग्रंथीच्या क्रियेचा लोप, असे ठरविले. जॉर्ज मरे याने १८९१ मध्ये मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा एका स्त्रीस बरे केले. ती पुढे २८ वर्षे जगली. एडवर्ड केंडल याने १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले, आणि चार्ल्स हॅरिंग्टन याने १९२६ मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित केली.

या टप्प्यात रोग म्हणजे उणीव, असा अर्थ स्थिर झाला. उणिवेला मात्र प्रमाण असते. सूज आहे किंवा नाही असे म्हणता येते. उणीव थोडी की फार, हा प्रश्न उणिवेसोबतच जन्मास येतो. सीमारेषेचे बीज येथे पडले.

याच सुमारास जपानमध्ये एक तिसरी वाट निघाली. क्यूशू येथील तरुण शल्यविशारद हाकारू हाशिमोतो याने १९१२ मध्ये एका जर्मन नियतकालिकात चार स्त्रियांच्या ग्रंथींचे सूक्ष्मदर्शकाखाली केलेले वर्णन प्रसिद्ध केले. ग्रंथीत लसीकापेशींची दाट वस्ती झाली होती. त्याने या विकारास वर्णनपर नाव दिले. आज आपण तो त्याच्याच नावाने ओळखतो. हाशिमोतो १९३४ मध्ये विषमज्वराने वारला. आपल्या नावाने जगभर हा रोग ओळखला जाईल, असे त्याच्या हयातीत कोणास वाटले नसावे.

त्या पेशी तेथे का जमल्या, याचे उत्तर मिळण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. विलंबाचे एक कारण भाषिक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख याने ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ अशी लॅटिन संज्ञा घडविली. शरीर स्वतःविरुद्ध विष निर्माण करण्याचे टाळते, असा तिचा आशय होता. पुढील पिढीने ‘टाळते’ याचा अर्थ ‘असे घडूच शकत नाही’ असा घेतला, आणि एका प्रवृत्तीच्या नावास नियमाचे रूप आले. सन १९५६ मध्ये हा नियम दोन ठिकाणी एकाच वेळी मोडला. अमेरिकेत बफेलो येथे नोएल रोझ व अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांमध्ये त्यांच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंड व दाह उत्पन्न करून दाखविला. लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिआक व त्यांचे सहकारी यांना हाशिमोतो-रोग्यांच्या रक्तातच असे प्रतिपिंड आढळले. विटेब्स्की हा एर्लिखच्याच परंपरेत शिकलेला होता, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. तेव्हापासून ‘आत्मप्रतिरक्षा’ हा विषय वैद्यकात स्थिर झाला. प्रतिपिंडांचे एक प्रमुख लक्ष्य थायरॉइड पेरॉक्सिडेज हे विकर होय, हे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. अहवालात त्याचेच संक्षिप्त नाव छापलेले असते.

४

तिसरी परिभाषा आकड्यांची. रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने संप्रेरके मोजण्याची पद्धती सिद्ध केली. या कार्याबद्दल यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तत्पूर्वी निधन पावले होते. या पद्धतीने १९६५ च्या सुमारास माणसाचे टीएसएच मोजता येऊ लागले.

या मापनाचे मर्म समजून घेतले पाहिजे. टीएसएच हे अवटुग्रंथीचे द्रव्य नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी ते स्रवते. थायरॉक्सिन कमी पडू लागले, की पोष ग्रंथी अवटूला अधिक जोराने हाक मारते. ही हाक सरळ प्रमाणात वाढत नाही : थायरॉक्सिनमध्ये किंचित घट झाली तरी टीएसएच अनेक पटींनी चढते. म्हणून थायरॉक्सिन मर्यादेत असतानाच टीएसएच मर्यादा ओलांडते. शरीर सावरून घेत आहे, आणि सावरण्यास त्याला श्रम पडत आहेत, एवढेच हा आकडा सांगतो.

या अवस्थेस नाव देणे भाग पडले. न्यूकॅसल येथील एव्हर्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये न्यूनक्रियेच्या पायऱ्या वर्णिल्या, आणि ‘सबक्लिनिकल’ हे विशेषण रूढ होत गेले. ग्रीक ‘क्लिने’ म्हणजे शय्या. ‘क्लिनिकल’ म्हणजे रुग्णशय्येपाशी कळणारे. ज्या धातूपासून ‘क्लिने’ आला, त्याचाच सगोत्र संस्कृत ‘श्रि’ हा धातू होय. ‘आश्रय’ हा शब्द त्याच कुळातला. तेव्हा ‘सबक्लिनिकल’ म्हणजे जो रोग शय्येचा आश्रय करण्यापर्यंत पोहोचलेला नाही, तो. शब्द ऐकून असे वाटते, की या अवस्थेत लक्षणे नसतात. आजची व्याख्या मात्र लक्षणांविषयी काहीच बोलत नाही : टीएसएच मर्यादेहून अधिक व मुक्त थायरॉक्सिन मर्यादेत, एवढीच ती व्याख्या आहे. थकलेली व्यक्ती तीत बसते आणि धडधाकट व्यक्तीही बसते. उलट, थकवा, मरगळ, वजनातील वाढ या तक्रारी निर्दोष ग्रंथी असलेल्यांतही विपुल आढळतात. नाव शय्येचे आणि व्याख्या कागदाची, ही विसंगती अनेक गैरसमजांच्या मुळाशी आहे.

५

आता ‘मर्यादा’ या शब्दाकडे वळू. लॅटिन ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. ‘नॉर्मल’ म्हणजे गुण्याला धरून असलेले, वाकडे नसलेले. या शब्दात मोजमापासोबत योग्यायोग्यतेचा निवाडाही दडलेला आहे. तो टाळण्यासाठी ग्रेसबेक व सारिस या फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये ‘संदर्भमूल्य’ ही संज्ञा सुचविली. निरोगी मानलेल्या लोकांचा समूह घ्यावयाचा, त्यांचे आकडे मांडावयाचे, आणि मधले शंभरापैकी पंचाण्णव जेथे येतात ती मर्यादा समजावयाची, असा हा रिवाज आहे. यातच एक गोष्ट अध्याहृत आहे : निरोग्यांपैकी शंभरात पाच जण व्याख्येनेच मर्यादेबाहेर जातात, अडीच वर आणि अडीच खाली. एखाद्या निरोगी माणसाच्या परस्परांशी असंबद्ध अशा वीस तपासण्या केल्या, तर त्या सर्व मर्यादेत येण्याचा संभव अवघा छत्तीस टक्के उरतो.

शिवाय टीएसएच स्थिर नसते. ते रात्री चढते व दुपारी उतरते. मोठ्या आजारातून उठताना काही काळ वाढते. वयाबरोबर त्याची वरची मर्यादा सरकते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिन काही यंत्रांच्या मापनात घोटाळा करते. प्रत्येक व्यक्तीचे स्वतःचे चढउतार समूहाच्या मर्यादेहून पुष्कळच अरुंद असतात, हे डेन्मार्कमध्ये वर्षभर दरमहा रक्त तपासून २००२ मध्ये दाखविण्यात आले. म्हणून एका व्यक्तीचा आजचा आकडा तिच्याच कालच्या आकड्याशी ताडून पाहणे अधिक अर्थपूर्ण ठरते. किंचित वाढलेला आकडा काही आठवड्यांनी पुन्हा तपासल्यास तो अनेकदा आपोआप मर्यादेत आलेला आढळतो.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा अनुभव अपरिचित नाही. विदर्भात पूर्वेकडे वा उत्तरेकडे जावे तसतशी बोली गावागणिक पालटत जाते. मराठी कोठे संपली आणि हिंदी कोठे लागली, हे सांगणारा दगड वाटेत भेटत नाही. नकाशावरील समभाषिक रेषा आपण आखतो. ती उपयुक्त असते, परंतु तिच्या अलीकडचा व पलीकडचा शेजारी एकमेकांशी रोज बोलत असतात. ४.४ आणि ४.६ यांमधील अंतर याच प्रकारचे आहे. रेषा खोटी नसते. ती आखणाऱ्याच्या हेतूपुरती खरी असते.

तर मग प्रतिपिंड काय सांगतात? आकडा आजची स्थिती सांगतो, प्रतिपिंड दिशा सुचवितात. एखाद्या बोलीत दोन रूपे शेजारी शेजारी नांदू लागली, की परिवर्तनाची शक्यता आहे असे आपण म्हणतो. ते घडेलच असे म्हणत नाही. प्रतिपिंडांची साक्ष याच मोलाची आहे. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत अवटुविकार ज्ञात नसलेल्या लोकांपैकी शंभरात सुमारे अकरा जणांत पेरॉक्सिडेजविरोधी प्रतिपिंड आढळले. स्त्रियांत हे प्रमाण अधिक होते. त्यांतील बहुसंख्यांची ग्रंथी नीट काम करीत होती. ग्रंथीची हानी मुख्यतः पेशींकडून होते, प्रतिपिंड हे प्राधान्याने तिचे चिन्ह आहेत. त्यांचा आकडा पाचशे की हजार यावरून रोगाची तीव्रता ठरत नाही, आणि एकदा ते आढळल्यावर वारंवार मोजून फारसे काही हाती लागत नाही.

या दिशादर्शनाचे मोल मोजणारी पाहणी इंग्लंडच्या ईशान्येस व्हिकहॅम येथे झाली. १९७२ ते १९७४ या काळात २,७७९ प्रौढांची तपासणी करण्यात आली, आणि वीस वर्षांनी त्यांचा पुन्हा मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांत टीएसएच वाढलेले व प्रतिपिंडही होते, त्यांपैकी दरवर्षी शंभरात ४.३ जणींत उघड न्यूनक्रिया उद्भवली. केवळ टीएसएच वाढलेले असता हे प्रमाण २.६, आणि केवळ प्रतिपिंड असता २.१ होते. वीस वर्षांचा एकत्र हिशेब केल्यास पहिल्या गटात शंभरात पंचावन्न. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. पंचावन्न हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही; आणि दोन्ही चिन्हे असूनही वीस वर्षांत पंचेचाळीस जणींना उघड रोग झाला नाही, हेही तितकेच खरे.

६

उपचाराविषयीचे मतभेद या पार्श्वभूमीवर समजण्याजोगे होतात. टीएसएच दहाच्या वर गेल्यास उपचाराकडे बहुतेकांचा कल असतो. वाद आहे तो त्याखालील पट्ट्याविषयी. पासष्ट वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत थायरॉक्सिन घेणाऱ्यांच्या तक्रारी, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, कमी झाल्या नाहीत. त्या आधारे २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मंडळाने प्रौढांना या अवस्थेत सरसकट उपचार देऊ नयेत अशी शिफारस केली. परंतु गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रिया व टीएसएच विसाच्या वर असलेले रोगी यांना तीतून वगळले, आणि तरुणांना ती लागू पडेलच असे नाही हेही नोंदविले. गरोदरपणाचे निकष निराळे असल्याने त्या काळात सीमेवरील आकड्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, ग्रंथीची क्रिया नीट असून केवळ प्रतिपिंड असलेल्या व पूर्वी गर्भपात वा वंध्यत्व अनुभवलेल्या स्त्रियांना थायरॉक्सिन दिल्याने सुखरूप प्रसूतीचे प्रमाण वाढले नाही. म्हणजे आकडा, प्रतिपिंड आणि व्यक्ती या तिन्ही गोष्टी प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे विचारात घ्याव्या लागतात.

आता आरंभीच्या कागदाकडे परत जाता येईल. त्यावर तीन विधाने आहेत. मुक्त थायरॉक्सिन सांगते : उणीव आलेली नाही, ही १८८८ ची भाषा. प्रतिपिंड सांगतात : ग्रंथीत आत्मप्रतिरक्षेचा व्यापार चालू आहे, ही १९१२ व १९५६ ची भाषा. टीएसएच सांगते : पोष ग्रंथीस हाक थोडी वाढवावी लागत आहे, ही १९६५ नंतरची भाषा. तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ‘जन्मभर गोळी’ म्हणणाऱ्या वैद्यांनी दुसऱ्या विधानास भविष्यवाणी मानले. ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांनी पहिल्या विधानापाशीच वाचन थांबविले. थकवा या तिन्हींपैकी कोणत्याही विधानात नाही. त्याची चौकशी स्वतंत्रपणे करावयाची असते.

बहिणीच्या बाबतीत तशी चौकशी झाली. तिसऱ्या वैद्यांनी प्रथम तिची झोप, कामाचे तास व पाळीचा रक्तस्राव यांविषयी विचारले. रक्तातील लोह कमी निघाले व त्यावर उपचार सुरू झाले. तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत सकाळी घेतलेल्या रक्तात टीएसएच ५.३ आले. वर्षातून एकदा तपासणी करावी आणि पुन्हा दिवस राहण्याचा विचार झाल्यास आधी भेटावे, असे त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिले.

‘मी आजारी आहे की नाही?’ या प्रश्नाचे होय-नाहीत उत्तर तिला अद्याप मिळालेले नाही. तो प्रश्नच तिने सोडून दिला आहे. परवा शेजारच्या काकूंनी ‘तुला थायरॉईड आहे ना गं?’ असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘थायरॉईड सगळ्यांनाच असतो, काकू. माझ्यावर लक्ष ठेवायचंय, एवढंच.’